बंद इमारतीतली ताटं

बाईंच्या हातात लाल पेन्सिल असली की ऑफिसातलं कोणी त्यांच्या टेबलाजवळून जात नसे. कॉफीचं मशीन नेमकं त्यांच्या पाठीमागे होतं, त्यामुळे अर्धं ऑफिस अकरापर्यंत कॉफीवाचून बसून राही. मला मात्र सुटका नव्हती. माझं टेबल त्यांच्या समोरच होतं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना एका मंत्रालयाकडून आलेली ओळ वाचून दाखवली. ‘अन्नसुरक्षेची यंत्रणा बळकट करणे.’ बाईंनी डोळे मिटून घेतले.

“पुन्हा वाच.”

मी वाचली.

“बळकट करणे म्हणजे सोमवारी सकाळी कोण उठून काय करणार?”

मी कागद उलटून मागे काही लिहिलंय का बघितलं.

“मग त्यांना विचार. कोण करणार, कधीपर्यंत करणार आणि केलेलं मला कुठे बघायला मिळणार? ही तीन उत्तरं येत नाहीत तोवर ती ओळ माझ्या यादीत नाही.”

त्यांचं आडनाव मला शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही. मधे तीन व्यंजनं अशी एकावर एक बसली होती की जीभ अडकायची. शेवटी मी त्यांना बाई म्हणायला लागले. आमच्याकडे शाळेत शिक्षिकेला असं म्हणतात, हे सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार करून मान्यता दिली. आमचं बोलणं व्हायचं इंग्रजीतच, पण मला ते आता मराठीतच आठवतं.

बाई बाल्कनमधल्या एका छोट्या देशातल्या. देशाचं नाव लिहीत नाही, कारण ह्या हकिगतीतली काही माणसं अजून तिथे खुर्चीवर आहेत. त्या देशाला युरोपीय संघात जायचं होतं, आणि जायचं तर आधी घर आवरावं लागतं. कायद्यांची तीसेक प्रकरणं असतात. दुधापासून न्यायाधीशांच्या नेमणुकीपर्यंत सगळं त्यात येतं. कुठला कायदा बदलायचा, कुठलं खातं बदलणार, मुदत कोणती, पुरावा काय, ह्याची सरकार एक भलीमोठी योजना करतं, आणि ब्रसेल्सची माणसं दरवर्षी ती तपासून अहवाल लिहितात. बाईंनी आपल्या सरकारात वीस-बावीस वर्षं ही योजना लिहिण्याचंच काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर मुलाकडे वेलिंग्टनला आल्या, नातवंडात रमल्या नाहीत, आणि आमच्या कंपनीला सापडल्या.

आमच्या कंपनीने पॅसिफिकमधल्या दोन बेटांच्या सरकारांना कामांवर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. ते पाहून एका युरोपियन कंपनीने बाईंच्याच देशाच्या योजनेचं पोटकंत्राट आम्हाला दिलं. प्रत्येक सुधारणेची एक ओळ, आणि ओळीला रंग. लाल म्हणजे सुरू नाही, पिवळी म्हणजे चालू, हिरवी म्हणजे पूर्ण. सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. ओळ खरोखर त्या रंगाची आहे का, हे बघणं बाईंकडे.

ब्रसेल्सच्या अहवालांची भाषा बाईंच्या अंगात भिनली होती. मी पहिल्यांदा कांदेपोहे नेले तेव्हा दोन चमचे खाऊन म्हणाल्या, “मध्यम तयारी.” एकदा मी त्यांना जॉन्सनव्हिलहून गाडीतून घरी सोडलं. चौकातल्या वाहतुकीच्या गोलातून बाहेर पडताना चुकीच्या लेनमध्ये गेले. उतरताना दार धरून म्हणाल्या, “मर्यादित प्रगती.” आमच्या साहेबांच्या नव्या दाढीला त्यांनी भर मीटिंगमध्ये “पीछेहाट” म्हटलं होतं. हसत नसत. त्यामुळे आपण हसावं की नाही, कळायचं नाही.

वाऱ्यापावसात पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून यायच्या. बूट ओले होतात, पाय पुसता येतात, असं त्यांचं म्हणणं. खंडाला नावाच्या उपनगरात राहायच्या. आमच्याकडे घाटात अगदी ह्याच नावाचं गाव आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “मग हे नाव इथे कोणी आणलं, आणि तुम्हाला विचारून आणलं का?”

दुधाच्या प्रयोगशाळेची गोष्ट तेवढी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

दूध तपासायची नवी प्रयोगशाळा झाली, असं कृषी मंत्रालयाने कळवलं. फोटो जोडला होता. पांढरी खोली, मोठं यंत्र, शेजारी फीत कापणारे मंत्री. ओळ हिरवी करायला मी माऊस सरकवला तेवढ्यात बाई उठून माझ्यामागे आल्या.

“फोटो मोठा कर. अजून. खाली जा.”

यंत्रावर प्लास्टिकचं वेष्टण तसंच होतं. वायर गुंडाळून रबरबँड लावलेली. भिंतीवर प्लगची जागा कुठे दिसेना.

बाईंनी तिथे फोन लावला. तिकडे संध्याकाळ उलटून गेली होती, रखवालदाराने उचलला. पाच मिनिटं गोड बोलून बाईंनी फोन ठेवला. “खोलीत त्या यंत्राला पुरेल अशी वीजच आलेली नाही. मंत्री आले त्या दिवशी दिव्यांची सोय जनरेटरवर केली होती.” ओळ पिवळी राहिली. “कागद झाला,” त्या म्हणाल्या. “आता माणसं सांगा.” हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

आता त्या आठवड्याबद्दल.

योजनेत एक जुनी ओळ होती. ‘अपंग व्यक्तींची मोठी निवासी संस्था बंद करणे, रहिवाशांना वस्तीतल्या छोट्या घरांत हलवणे.’ मुदत चार वेळा पुढे ढकललेली. मार्चमध्ये समाजकल्याण मंत्रालयाने कळवलं की संस्था बंद झाली. कायदा मंजूर, बंद करायचा आदेश निघालेला, सहीशिक्क्यासकट जोडलेला. ब्रसेल्सला माहिती पाठवायची खिडकी गुरुवारी बंद होणार होती, त्यांच्या सकाळी आठला आणि आमच्या संध्याकाळी आठला.

बाईंनी ओळ पिवळीच ठेवली. आदेशासोबत माणसं कुठे गेली त्यांचे पत्ते नाहीत, एवढंच शेऱ्यात लिहिलं.

मंगळवारी सकाळी मंत्र्यांच्या सल्लागाराचा व्हिडिओ कॉल आला. तरुण माणूस, कोरलेली दाढी, मागे पुस्तकांचं कपाट. ते त्यांच्या भाषेत बोलत होते. मला एकही शब्द कळत नव्हता, पण बाईंचा हात दिसत होता. तो पेन्सिल धरून स्थिर होता. मग तो माणूस मऊ आवाजात, हसून, काहीतरी म्हणाला, आणि बाईंनी लॅपटॉप बंद केला. निरोप न घेता.

“काय म्हणाला?”

“माझ्या बहिणीची तब्येत विचारली.”

त्यांना बहीण आहे हे मला ठाऊक नव्हतं.

बुधवारी दुपारी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. वाईट माणूस नव्हता. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आठवणीने कार्ड पाठवायचा. पण त्या दिवशी तो टेबलाच्या कडेवर टेकला आणि खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत बोलला.

“हे बघ, ती योजना त्यांची आहे. देश त्यांचा आहे. ओळ म्हणते संस्था बंद करणे, त्यांनी केली बंद. आपण सॉफ्टवेअरवाले. तू ॲडमिन आहेस, ती हिरवी कर आणि विषय संपव.”

“पण बाई...”

“त्यांच्याशी मी बोलतो. ओके? स्वीट ॲज.” इथल्या बोलीत, सगळं ठीक. मी दारापाशी पोचले तेव्हा त्याने विचारलं, “तुझी रेसिडेन्सीची फाइल कुठवर आली?”

त्याने ते काळजीने विचारलं की कसं, हे मला आजही सांगता येत नाही. माझा व्हिसा ह्या कंपनीला बांधलेला होता. नवऱ्याचा आणि मुलीचा माझ्या व्हिसाला. मी टेबलाशी येऊन बसले. बाई समोर नव्हत्या, जिन्याने खाली फळं घ्यायला गेल्या होत्या. मी ओळ हिरवी केली. बॅग उचलली आणि लवकर घरी आले.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “बरोबर केलंस. आपल्याला काय करायचंय त्यांच्या युरोपाशी?”

“त्या ओळीत माणसं आहेत रे.”

“ह्या घरात पण माणसं आहेत.” त्याने मुलीच्या ताटात पोळी वाढली. तिला म्हणाला, “पटपट खा.”

“आय ॲम ईटिंग, बाबा,” ती म्हणाली, आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली.

गुरुवारी सकाळी नेहमीची गाडी. जॉन्सनव्हिलला मी चढले, खंडाला स्टेशनवर बाई चढल्या, माझ्या शेजारी बसल्या. बोगदा यायच्या आत सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. बोगदा गेला. दुसराही गेला. नायो स्टेशन सुटल्यावर मी म्हणाले, “बाई, काल ती ओळ मी हिरवी केली.”

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. मी त्याची तयारी करून आले होते.

“ती ओळ पहिल्यांदा मी टाइप केली होती,” त्या म्हणाल्या. “पहिल्या योजनेत. मुदत पण मीच घातली, तीन वर्षं. माझी धाकटी बहीण त्या इमारतीत आहे. लहानपणी ताप डोक्यात गेला तिच्या. एकोणीस वर्षांची असताना आईवडिलांनी नेऊन ठेवली. मला वाटलं, मी सरकारात आहे, मी ते बंद करीन.” थोडं थांबून म्हणाल्या, “तो मुलगा परवा म्हणाला की नव्या घरांतल्या पहिल्या आठजणींच्या यादीत तिचं नाव घालता येईल. मी समजूतदारपणा दाखवला तर.”

गाडी क्रॉफ्टन डाउन्सला थांबून निघाली.

“आठ वाजेपर्यंत वेळ आहे ना?” बाईंनी विचारलं.

“हो. संध्याकाळी आठ.”

वेलिंग्टन स्टेशनवर उतरल्यावर त्या ऑफिसकडे निघाल्या नाहीत. फलाटावरच्या बाकावर बसल्या आणि फोन काढला. तिकडे रात्रीचं जेवण नुकतंच उरकलं असेल, म्हणाल्या. संस्थेच्या ऑफिसला त्यांनी फोन केलाच नाही. स्वयंपाकघराला लावला.

एका बाईने उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. बाईंनी स्पीकर चालू केला आणि एकेक वाक्य मला सांगत गेल्या.

“विचारलं, आज किती ताटं वाढली? म्हणते, एकोणनव्वद.”

मी वहीत लिहिलं. बंद झालेल्या इमारतीत एकोणनव्वद ताटं.

“विचारलं, रोज तेवढीच का? म्हणते, काल नव्वद होती.”

“मग आज एक कमी कशी?” मी विचारलं.

बाईंनी विचारलं. पलीकडे भांडी थांबली. ती बाई दोनच शब्द बोलली. बाईंनी ते मला सांगितले नाहीत, आणि सांगायची गरजही नव्हती. कोणीतरी वारलं होतं. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांनी हातातली लाल पेन्सिल खिशात ठेवली.

मग स्वयंपाकीणच काहीतरी म्हणाली, आणि फोनवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. जोराचा, जवळचा. बाई खाली वाकल्या आणि हळू आवाजात बोलायला लागल्या, लहान मुलाशी बोलावं तसं. पलीकडून बहिणीचा एकच शब्द आला, दोनदा. बाईंचं घरातलं नाव असावं. लोक बाजूने घाईघाईने जात होते. कोणीतरी “किया ओरा” असा इथला नमस्कार करत बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलं आणि आमच्याकडे बघून उठून गेलं.

ऑफिसात मी बॅगही न उतरवता लॉग-इन केलं. ओळ पुन्हा पिवळी केली. शेरा बाईंनी सांगितला. इमारतीत आज एकोणनव्वद जण जेवले, काल नव्वद, माहिती फोनवरून, वेळ अमुक. मी बटण दाबणार तोच त्या म्हणाल्या, “थांब. पुढे लिही की ही माहिती घेणाऱ्या व्यक्तीची बहीण त्या संस्थेत राहते.”

“बाई, हे लिहिलंत तर ते तुम्हालाच बाहेर काढतील.”

“काढतील.”

“आणि यादी?”

“तिचं नाव असं घातलं, तर उरलेल्या अठ्ठ्याऐंशी जणांसमोर तिला हाताला धरून मी बाहेर कशी नेऊ?” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “लिही.”

मी लिहिलं. खाली माझं नाव आलं.

अकरा वाजता साहेब तरातरा आला. त्याचा फोन त्याच्या हातात वाजतच होता.

“तुम्हा दोघींना कळतंय का तुम्ही काय केलंय? हे मी आत्ता दुसऱ्या कोणाकडून बदलून घेऊ शकतो.”

“घे ना,” बाई म्हणाल्या. “बदलणाऱ्याचं नाव मात्र त्या बदलासमोर छापलं जाईल. ब्रसेल्सला ते दिसतं. हे कंत्राटातच आहे, सही तुझी आहे.”

तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. एकदा माझ्याकडे बघितलं. मी कीबोर्ड माझ्याकडे ओढून घेतला. मग तो परत गेला. त्याने ती ओळ बदलली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

दिवसभर कोणी आमच्याशी बोललं नाही. सहाला सगळे गेले. आम्ही दोघी बसून राहिलो. बाईंनी एक सफरचंद चाकूने कापून अर्धं मला दिलं. पावणेआठला पडद्यावर ओळ आपोआप हिरवी झाली. मंत्रालयातून. समोर सल्लागाराचं नाव. स्वतःच्या नावावर रंग बदलायचा हक्क मंत्रालयाला होता, खालचा आमचा शेरा पुसायचा नव्हता. आठ वाजता खिडकी बंद झाली.

“हरलो,” मी म्हणाले.

“वाचणारे खाली वाचतात का बघू,” बाई म्हणाल्या, आणि बिया गोळा करून कागदात बांधल्या.

सोमवारी बाईंना येऊ नका म्हणून निरोप गेला. हितसंबंधांचं कारण दिलं होतं, आणि कारण खोटं म्हणता येणार नव्हतं. मला महिनाभर ठेवलं. मग माझी पोस्टच राहिली नाही. नवरा तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलला. व्हिसाच्या मुदतीचा कागद त्याने फ्रीजवर चिकटवला होता, येताजाता दोघंही त्याच्याकडे बघायचो. मुदतीला थोडेच दिवस उरले असताना ऑकलंडच्या दक्षिणेला एका गोदामांच्या कंपनीत काम मिळालं, आणि आम्ही पापाकुऱ्याला यायचं ठरवलं.

जॉन्सनव्हिलचं घर आवरायला बाई आल्या. प्रत्येक खोक्यावर त्यांनी चिठ्ठी लावली. आत काय, उघडणार कोण, कोणत्या दिवशी. मिक्सरच्या खोक्यावर नवऱ्याचं नाव होतं. त्याने ते वाचलं, बाईंकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी हसला. सामान गेल्यावर रिकाम्या हॉलमध्ये त्यानेच विचारलं, “तुमच्या सिस्टरचं पुढे काय झालं?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “तिथेच आहे.”

अहवाल आला तेव्हा इथे वसंत होता. मी दुपारच्या सुट्टीत गोदामाच्या पायरीवर बसून शोधला. त्या संस्थेबद्दल एकच वाक्य होतं. कायदा मंजूर झाला असला तरी रहिवासी अजून तिथेच राहत असल्याची माहिती आहे, मर्यादित प्रगती. मी ते बाईंना पाठवलं. उत्तर आलं, “वाचतात.”

त्या एका वाक्यामुळे पुढचं घडलं असं मी म्हणणार नाही. बाईही म्हणत नाहीत. मंत्री बदलले, सल्लागार दुसऱ्या खात्यात गेला, घरं आधी चार झाली, मग सहा. बाई मुलाशी भांडून मायदेशी परत गेल्या. जातानाही जँडल्सच घालून गेल्या, असं मुलगा फोनवर वैतागून सांगत होता. दीड वर्ष अधूनमधून मेसेज यायचे, त्यात फक्त ताटांचा आकडा असायचा. पंचाऐंशी. बहात्तर. साठ.

गेल्या महिन्यात संध्याकाळी मी डाळीला फोडणी देत होते आणि बाईंचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. खूप म्हाताऱ्या दिसल्या. त्यांनी मला घर दाखवलं. चार बायकांचं, रस्त्याला लागून, बसस्टॉपजवळ. न्हाणीघर, खिडक्या, पडदे, सगळं. मग स्वयंपाकघरात एक बाई खुर्चीवर बसलेली दिसली. पांढरे कापलेले केस, बाईंसारखंच नाक. अंगात जाड कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

“दोन दिवस झाले, कोट काढत नाही,” बाई हळू म्हणाल्या. “झोपतेही तशीच. तिला वाटतंय परत न्यायला गाडी येणार.”

मी गॅस बंद केला. तेवढ्यात ती उठली. फ्रीजपाशी गेली आणि बाईंकडे बघत उभी राहिली, बराच वेळ. “तिकडे फ्रीजला कुलूप असायचं,” बाई पुटपुटल्या. तिने दार उघडलं. आतला दिवा तिच्या तोंडावर पडला. तिने दार लावलं. पुन्हा उघडलं. एक पेर काढलं, हातात धरलं, परत ठेवलं, दार लावलं.

बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि मला विसरल्या. मला नुसतं छत दिसत होतं. फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज येत होता, मग लावल्याचा, मग पुन्हा उघडल्याचा. मी कितीतरी वेळ ऐकत उभी होते. तिला कोणी थांबवलं नाही.